अक्षररूपाचे उच्चशिक्षण

मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात लेखक, प्रकाशक व मुद्रक यांची दखल घेतली जाते. अक्षराला आकार देणारा मात्र बहुधा अनामच राहतो. १८६९ साली स्थापन झालेल्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टंकाला सौष्ठव दिले. पण ती विद्या हाताखाली काम करूनच शिकली जाई. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १९३५ मध्ये व्यावसायिक कलेचा विभाग निघाला; तेथे अक्षरांकन आले ते प्रामुख्याने जाहिरातीच्या गरजेतून.

पदव्युत्तर शिक्षणाने ही दृष्टी पालटली. पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्र १९६९ चे. १९८४ मध्ये तेथे दृक्‌संप्रेषणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. जाहिरातक्षेत्रातून आलेले कवी र. कृ. जोशी तेथे अध्यापक होते. देवनागरीच्या बोरूची तिरपी कापणी रोमन लेखणीच्या उलट असते. म्हणजे रोमनचे नियम तिला जसेच्या तसे लागू होत नाहीत. लिपीचा विचार तिच्या स्वतःच्या घडणीतूनच करावा लागतो. हा विचार पुढे संगणकातही उतरला: 'विंडोज २०००'बरोबर आलेला 'मंगल' हा टंक जोशी यांचाच.

तरीही एक प्रश्न उरतोच. 'ल' आणि 'श' यांची मराठी व हिंदी वळणे भिन्न, परंतु युनिकोडमधील संकेत एकच. कोणते वळण उमटावे, हे टंक ठरवितो. म्हणूनच अक्षररूपाचा अभ्यास हा केवळ कलेचा विषय नाही. तो भाषेच्या स्वत्वाचाही आहे, आणि वाङ्मयेतिहासाने त्याची नोंद घ्यायला हवी.