ओहमचा नियम : एका शिक्षकाची साधना



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात शाळेतच लागलेल्या एका शोधाची कथा सांगणे उचित होईल, असे मला वाटते. विद्युत् दाबास प्रवाहाने भागले की रोध मिळतो आणि दाब व प्रवाह यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते, ही दोन्ही गणिते आपण सर्वांनी वर्गात सोडविली आहेत. भागाकार एका ओळीचा आहे. परंतु तो निर्धास्तपणे करता यावा म्हणून एका शाळाशिक्षकाला उमेदीची कैक वर्षे वेचावी लागली.

गेओर्ग झिमोन ओहम यांचा जन्म १७८९ साली जर्मनीतील एर्लांगेन गावी झाला. वडील कुलपे बनविणारे कारागीर. त्यांनी स्वतःच्या प्रयत्नाने गणित आत्मसात केले आणि मुलांनाही शिकविले. १८११ मध्ये ओहम यांनी डॉक्टरेट मिळविली. पण विद्यापीठातील तुटपुंज्या प्राप्तीवर निर्वाह होईना. अखेर १८१७ साली ते कोलोन येथील एका शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती, आणि वडिलांच्या हाताचा गुण त्यांच्या हातात उतरला होता.

व्होल्टाची विद्युत् घटमाला १८०० साली निर्माण झाली होती. प्रवाहामुळे चुंबकसूची हलते, हे अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविले. त्यामुळे सूचीच्या विचलनावरून प्रवाहाचे मान काढण्याची वाट मोकळी झाली. तथापि दाब, प्रवाह आणि रोध या तीन भिन्न राशी आहेत, ही स्पष्टता अद्याप आलेली नव्हती. ओहम यांनी निरनिराळ्या लांबीच्या तारा जोडून प्रयोग आरंभिले आणि १८२५ मध्ये एक सूत्र प्रसिद्ध केले. ते चुकीचे होते! दोष होता तो उगमाचा. घटाचा जोर प्रयोग चालू असतानाच कमीजास्त होई. मग फरक तारेमुळे पडला की घटामुळे, हे कळावे कसे?

या अडचणीत पोगेनडोर्फ या संपादकांनी त्यांना औष्णिक युग्म वापरण्याची सूचना केली. दोन भिन्न धातूंचे सांधे भिन्न तापमानांत ठेवले असता प्रवाह वाहतो, हे सीबेक यांनी १८२१ मध्ये शोधले होते. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांचे युग्म घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. दोन्ही तापमाने अचल, म्हणून विद्युत् दाबही अचल. मग सारख्या जाडीच्या, पण कमीअधिक लांबीच्या आठ तांब्याच्या तारा एकामागून एक जोडून सूचीवरील परिणाम मोजला. १८२६ मध्ये हाती आलेले सूत्र साधे होते : एका स्थिर संख्येला, तारेची लांबी आणि दुसरी एक स्थिर संख्या यांच्या बेरजेने भागावे. पहिली संख्या उगमाचा जोर दर्शविते. दुसरी, उर्वरित मंडलाचा रोध. हाच तो आपला नियम.

१८२७ साली त्याचे गणिती विवेचन बर्लिनमध्ये ग्रंथरूपाने निघाले. स्वागत थंडे झाले. काहींनी कडवट टीकाही केली. ओहम यांनी कोलोनची नोकरी सोडली आणि पुढील काही वर्षे ओढगस्तीत काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे अध्यापनाची जागा मिळाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली त्यांना कोप्ली पदक दिले; म्युनिकचे प्राध्यापकपद मात्र १८५२ मध्ये, म्हणजे मृत्यूपूर्वी अवघी दोन वर्षे, लाभले. १८८१ च्या पॅरिस परिषदेत रोधाच्या एककाला जगाने त्यांचे नाव दिले.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. याच संबंधाच्या जवळपास इंग्लंडचे कॅव्हेंडिश १७८१ च्या सुमारास, स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांची तुलना करून, पोहोचले होते. त्यांनी ते प्रसिद्ध केले नाही. मॅक्सवेल यांनी १८७९ मध्ये ती टिपणे छापली, तोवर जग पुढे गेले होते. ओहम यांनी चूकही छापली आणि दुरुस्तीही छापली. विज्ञान पुढे गेले ते या दुसऱ्या वाटेने.

शक्तीच्या गणिताचा पाया जूल यांनी घातला. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या व रोधाच्या प्रमाणात असते, हे त्यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. त्याला ओहमच्या नियमाची जोड दिली की शक्ती म्हणजे दाब गुणिले प्रवाह, हे सहज निघते. २३० व्होल्टवर जळणारा ६० वॉटचा तारेचा दिवा घ्या. प्रवाह सुमारे ०.२६ अँपिअर, रोध सुमारे ८८२ ओहम. पण तोच दिवा थंड असताना रोध मोजला, तर तो याच्या दशांशाच्या आसपास भरतो. गणित चुकले काय? नाही. तार तापली की तिचा रोध वाढतो. तापमान स्थिर असेल तरच नियम लागू पडतो.

बर्फ आणि उकळते पाणी घेऊन बसलेल्या त्या शिक्षकाने हेच शिकविले : भागाकार करण्यापूर्वी काय स्थिर आहे ते पाहावे, आणि उत्तर चुकले तर ते लपवू नये. शाळेच्या प्रयोगवहीत खाडाखोड दिसली तर रागावण्याआधी कोलोनच्या त्या प्रयोगशाळेचे स्मरण करावे, एवढीच विनंती.