फेमिना : दफ्तराबाहेरचे जगज्जेतेपद

'फेमिना' म्हटले की आपल्याकडील वाचकास मुंबईहून निघणारे नियतकालिक आठवेल. डेन्मार्कमध्ये याच नावाचे एक निराळे महिला साप्ताहिक आहे. १९५९ मध्ये त्याच्या पुढाकाराने कोपनहेगनमध्ये स्त्रियांचा एक फुटबॉल क्लब उभा राहिला आणि साप्ताहिकाचेच नाव त्याला मिळाले. 'बोल्डक्लुबेन फेमिना' हे त्याचे पूर्ण नाव. बोल्डक्लुबेन म्हणजे चेंडूचा क्लब.

त्या काळी युरोपात स्त्रियांच्या फुटबॉलला प्रतिष्ठा नव्हती. इंग्लंडच्या संघटनेने १९२१ पासून आपल्या संलग्न क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली होती. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये तसाच निर्बंध घातला. डॅनिश फुटबॉल संघटनाही या खेळाडूंना आपल्या छत्राखाली घेण्यास तयार नव्हती. साहजिकच फेमिनासारख्या क्लबांना स्वतःच्या हिमतीवर आणि स्वतंत्र संघटनेच्या आधारे खेळावे लागले.

१९७० च्या जुलैमध्ये इटलीत स्त्रियांची विश्वचषक स्पर्धा भरली. 'फिफा'चा तिच्याशी संबंध नव्हता. मद्यनिर्मितीतील मार्टिनी अँड रॉसी या कंपनीने तिला अर्थसाहाय्य केले होते. डेन्मार्कच्या वतीने फेमिना उतरली. तिने पश्चिम जर्मनीला ६-१, उपांत्य फेरीत इंग्लंडला २-० आणि तुरिन येथील अंतिम सामन्यात यजमान इटलीला २-० असे हरवले.

पुढच्याच वर्षी मेक्सिकोत झालेली स्पर्धा त्याहून भव्य होती. या वेळी डॅनिश संघात अन्य क्लबांच्या खेळाडूही होत्या. संयोजकांनी गोलचे खांब गुलाबी रंगविले होते. स्त्रियांचा खेळ म्हणजे गुलाबी रंग, ही समजूत तेव्हाही होती. प्रेक्षकांनी मात्र खेळ पाहण्यासाठीच गर्दी केली. ५ सप्टेंबर १९७१ रोजी अझ्टेका स्टेडियमवर अंतिम सामन्याला सुमारे एक लाख दहा हजार लोक हजर होते, असे सांगितले जाते. तिकिटांचा पैसा एवढा जमत असताना आपल्याला काहीच का नाही, असा सवाल मेक्सिकोच्या खेळाडूंनी सामन्यापूर्वी केला होता. तो रास्तच होता. अखेर त्या मैदानात उतरल्या आणि डेन्मार्कने ३-० असा विजय मिळविला. तिन्ही गोल सुझान ऑगुस्टेसन हिचे. तिचे वय होते अवघे पंधरा! पुढे ती दीर्घकाळ इटलीत खेळली आणि तेथेही गोलांचा पाऊस पाडला.

दोन वर्षांत दोनदा जग जिंकणाऱ्या या मुलींच्या मागे मायदेशात राष्ट्रीय संघटना मात्र उभी नव्हती. या दुराव्याचे मूळ केवळ स्त्रीद्वेषात शोधणे अपुरे ठरेल. डॅनिश फुटबॉल तेव्हा कटाक्षाने हौशी होते; पुरुषांनाही व्यावसायिक फुटबॉलची मुभा तेथे १९७८ मध्येच मिळाली. त्यामुळे कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या स्पर्धांकडे संशयाने पाहिले जाई. तरीही, हौशी खेळाचा एवढा अभिमान असलेल्या संघटनेने त्या खेळाडूंना आधी मैदान आणि प्रशिक्षक देऊ केले असते तर प्रायोजकांच्या दारी जाण्याची वेळ त्यांच्यावर कदाचित आली नसती.

१९७१ मध्ये युरोपीय महासंघाने सदस्य संघटनांना स्त्रियांचा फुटबॉल आपल्या कक्षेत घेण्याची शिफारस केली आणि १९७२ मध्ये डॅनिश संघटनेने तो स्वीकारला. राष्ट्रीय महिला संघाच्या अधिकृत सामन्यांची गणती सुरू होते ती १९७४ पासून. फिफाचा पहिला महिला विश्वचषक १९९१ मध्ये चीनमध्ये झाला. तेथे डेन्मार्कला उपांत्यपूर्व फेरीत जर्मनीने जादा वेळेत २-१ असे हरविले. २०१७ च्या युरोपीय स्पर्धेत हा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि नेदरलँड्सकडून ४-२ असा पराभूत झाला.

तुरिन आणि मेक्सिको सिटी येथील विजयांना फिफाच्या विश्वविजेत्यांच्या यादीत आजही स्थान नाही. मेक्सिकोतील त्या स्पर्धेवरचा 'कोपा ७१' हा माहितीपट मात्र २०२३ मध्ये प्रदर्शित झाला आणि अझ्टेकावरील ती तुडुंब गर्दी नव्या प्रेक्षकांना पाहता आली.