३८६ची गच्छंती

इंटेलने १९८५ साली जाहीर केलेला ८०३८६ हा बत्तीस-बिटी प्रोसेसर नसता, तर लिनक्सचा जन्म निदान त्या रूपात तरी झाला नसता. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१मध्ये लिहिलेला कर्नेल, म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्राम यांच्यामध्ये राहून स्मृती, वेळ आणि साधने यांची वाटणी करणारा कार्यप्रणालीचा गाभा, त्या प्रोसेसरच्या खास सोयींवर इतका विसंबून होता की तो दुसऱ्या जातीच्या यंत्रावर नेता येणार नाही, असे त्यांनी आरंभीच सांगून ठेवले होते. पुढे तो असंख्य जातींच्या यंत्रांवर गेला आणि अडचण झाली ती मूळ यंत्राचीच.

या अडचणीचे मूळ स्मृतीच्या रक्षणात होते. चालू प्रोग्रामची दुसरी आवृत्ती उभी करताना कर्नेल तिच्यासाठी स्मृतीची प्रत लगेच काढत नाही. दोघांना स्मृतीची तीच पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, दाखवून त्यांवर केवळ वाचनाची परवानगी असल्याची खूण करतो, आणि कोणी लिहू लागले की प्रोसेसर हरकत घेतो व तेव्हाच त्या पानाची वेगळी प्रत निघते. ३८६ ही हरकत सामान्य प्रोग्रामपुरतीच घेई. लिहिणारा स्वतः कर्नेल असला, तर त्या खुणेला काही अर्थ उरत नसे. म्हणून वापरकर्त्याच्या स्मृतीत काही ठेवण्यापूर्वी प्रत्येक पान कर्नेलला स्वतः तपासावे लागे. इंटेलच्याच १९८९च्या ४८६ने हा दोष दूर केला, तरी संगणक सुरू होताना हाताखालचा प्रोसेसर ही खूण पाळतो की नाही, याची चाचणी लिनक्स पुढेही वर्षानुवर्षे घेत राहिला. स्मृतीतील मूल्य अपेक्षेप्रमाणे असेल तरच ते बदलण्याचे काम अखंड एका पायरीत उरकणारी आज्ञाही ४८६बरोबरच आली. अनेक प्रोसेसरांमधील समन्वय अशा आज्ञांवर उभा असतो, आणि ३८६साठी मात्र सर्व व्यत्यय क्षणभर थोपवून तिची नक्कल करावी लागे.

मायक्रोसॉफ्टने १९९६च्या विंडोज एनटी ४.०मध्येच ३८६ला निरोप दिला होता, आणि नेटबीएसडी या मुक्त कार्यप्रणालीनेही २००९च्या ५.० आवृत्तीत तेच केले. लिनक्सने तो डिसेंबर २०१२पर्यंत सांभाळला. त्या महिन्यात कर्नेलचे एक विकासक इंगो मोल्नार यांनी तो काढून टाकणारे बदल पाठवले आणि टोरवाल्ड्स यांचा १९९१चा मूळ संगणक आता नवा कर्नेल चालवू शकणार नाही, अशी हळहळही सोबत व्यक्त केली. टोरवाल्ड्स यांनी मात्र भावनेला थारा न देता बदल स्वीकारले. फेब्रुवारी २०१३च्या ३.८ आवृत्तीपासून ते लागू झाले. जुनी यंत्रे त्या दिवशी बंद पडली असा याचा अर्थ नव्हे, कारण दीर्घकाळ जपल्या जाणाऱ्या ३.२ शाखेला २०१८पर्यंत दुरुस्त्या मिळत होत्या.

वय हे अशा हकालपट्टीचे खरे कारण समजणे चुकीचे ठरेल. मोटोरोलाचा ६८०२० हा १९८४चा, म्हणजे ३८६हून जुना. तरीही त्याच्या कुळाला लिनक्समध्ये अजून जागा आहे, कारण त्याचा विक्षिप्तपणा बव्हंशी त्याच्याच कप्प्यात राहतो आणि तो कप्पा सांभाळणारी माणसे आहेत. ३८६ मात्र आजच्या पीसींच्या सामायिक घरात राहत असल्याने त्याच्या सवयींचा भार त्याला कधी न पाहिलेल्यांनाही वाहावा लागे. २०२२मध्ये टोरवाल्ड्स यांनी ४८६लाही वगळण्याचा विचार मांडला, तो आठ बाइटांचे मूल्य अखंडपणे बदलणारी आज्ञा १९९३च्या पेंटियमपासूनच उपलब्ध असल्यामुळे. उलट २००१मध्ये मोठ्या अपेक्षेने आलेला आणि २०२१पर्यंत पाठवला जात असलेला इंटेलचा इटानियम जानेवारी २०२४च्या ६.७ आवृत्तीतून गेला, कारण त्याची नियमित देखभाल करणारे कोणी उरले नव्हते; त्यानंतर काही हौशी मंडळींनी त्याचा आधार मुख्य प्रवाहाबाहेर स्वतंत्रपणे चालू ठेवला.