यादीत नसलेली मुले

टायटॅनिक जहाज बुडाल्याची गोष्ट आपल्यापैकी बहुतेकींना ठाऊक आहे. त्यात सुमारे दीड हजार माणसे गेली. पण ज्या जहाजाबरोबर नऊ हजारांवर माणसे बुडाली आणि त्यांत जवळजवळ निम्मी लहान मुले होती असे मानतात, त्याचे नाव काय? मलाही ते एका कादंबरीमुळेच कळले. जहाज ‘विल्हेल्म गुस्टलॉफ’ आणि कादंबरी रूटा सेपेटिस यांची ‘सॉल्ट टू द सी’. ती २०१६ साली आली.

आधी इतिहास सांगते. जानेवारी १९४५. दुसरे महायुद्ध संपत आले होते. रशियाची लाल सेना पूर्व प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीच्या पूर्व टोकाला, शिरली होती. तिथल्या नाझी अधिकाऱ्यांनी लोकांना वेळेवर गाव सोडू दिले नाही. मग एकदम पळापळ झाली. पुरुष बहुतेक लढाईवर, त्यामुळे वाटेवर होत्या बाया, म्हातारी माणसे आणि पोरे. रस्ते बंद झाले तेव्हा लोक गोठलेल्या खाडीवरून घोडागाड्या हाकत निघाले. बर्फ फुटला की गाडीसकट माणसे खाली जात. बंदर गाठायचे आणि मिळेल त्या जहाजात चढायचे, एवढीच आशा.

गुस्टलॉफ हे मुळात सहलीचे जहाज, दोन हजारांच्या आत माणसांसाठी बांधलेले. आज पोलंडमध्ये असलेल्या ग्दिनिया बंदरात ते उभे होते. चढणाऱ्यांची नावे लिहून घेतली जात होती. यादी सहा हजारांच्या आसपास गेली आणि लिहिणे थांबले. माणसे मात्र चढतच राहिली. जहाजाच्या हिशेबनीसाच्या हाताखाली हाइन्झ श्योन नावाचा १८ वर्षांचा मुलगा होता. तो वाचला, आणि त्याने पुढे आयुष्यभर या माणसांचा हिशेब लावला. जहाजावर दहा हजारांवर माणसे होती, असे त्याला आढळले. म्हणजे चार हजारांवर जणांचे नाव त्या यादीत नव्हतेच.

३० जानेवारीच्या रात्री नऊनंतर रशियन पाणबुडीचे तीन टॉर्पेडो जहाजाला लागले. तासाभरात जहाज बुडाले. होड्या उतरवायची साधने बर्फाने गोठली होती. जीवरक्षक जाकिटे मोठ्यांच्या मापाची. ती घातलेल्या लहान मुलांचे डोके पाण्याखाली जाई आणि पाय वर राहत. वाचलेल्यांनी हे डोळ्यांनी पाहिले. वाचले ते साधारण साडेबाराशे.

मग एवढी मोठी गोष्ट जगाला का कळली नाही? जहाजावर पाणबुडीदलाचे शिकाऊ नौसैनिक होते, विमानविरोधी तोफाही होत्या. त्यामुळे युद्धाच्या नियमात ते लष्करी लक्ष्य ठरत होते. नाझींनी बातमी दाबली. आणि युद्धानंतर, लाखो ज्यूंचा संहार करणाऱ्या देशाने स्वतःचे दुःख कोणत्या तोंडाने सांगावे, हा प्रश्न होता. तो प्रश्न खोटा नाही. पण आईचे बोट धरून चढलेल्या पाच वर्षांच्या पोराने कोणता गुन्हा केला होता?

सेपेटिस यांनी ही कादंबरी अशा यादीबाहेरच्या माणसांसाठी लिहिली आहे, असे मला वाचताना वाटत राहिले. त्यांचे वडील लिथुआनियातून परागंदा झालेले. कादंबरीत चौघे आळीपाळीने बोलतात. जोआना लिथुआनियाची, जखमींची शुश्रूषा करणारी. फ्लोरियन प्रशियाचा. एमिलिया पोलंडची, पंधरा वर्षांची आणि गरोदर. सैनिकांनी तिच्यावर केलेला अत्याचार तिला कुणाला सांगता येत नाही, आणि पोलिश म्हणून ओळख पटली तर जहाजावर जागाही नाही. चौथा आल्फ्रेड, नाझी विचारांनी भारलेला खलाशी. लेखिका त्याला पाठीशी घालत नाही. बरोबर एक म्हातारा चांभार आहे, जो माणसाची पारख त्याच्या पायातल्या बुटांवरून करतो, आणि वाटेत सापडलेला एक लहान मुलगा. ही पात्रे काल्पनिक आहेत, पण ती थंडी, ते बंदर आणि ते जहाज खरे आहे. वाचताना हा फरक लक्षात ठेवावा.

पोलंडच्या निर्वासितांची एक वाट तर आपल्या दारापर्यंत आली होती. १९४० पासून रशियाने पूर्व पोलंडमधली असंख्य कुटुंबे सैबेरियाकडे आणि कझाकस्तानात नेली. त्यांतून सुटलेल्यांपैकी काही इराणमार्गे भारतात आली. कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार जण राहिले, बहुतेक बायका आणि मुले. एमिलियाच्या वयाच्या मुली तिथे शाळेत जात होत्या.

घरात चौदा-पंधरा वर्षांची मुलगी असेल तर तिच्याबरोबर ही कादंबरी वाचा. आणि शेजारी युद्धात किंवा दंगलीत घर सोडून आलेली एखादी आजी असेल, तर तिच्याजवळ बसा. निघताना हातात काय घेतले होते, बरोबर कोण होते, मागे कोण राहिले, ते विचारा. आणि ती सांगेल ते नावानिशी वहीत लिहून ठेवा.