गोपाळराव कुठल्या व्हिसावर गेले होते?

गेल्या आठवड्यात बायकोच्या ऑफिसातून मेल आली. न्यू जर्सीच्या प्रोजेक्टवर तिची बदली पक्की झाली. मेलच्या शेवटी एक प्रश्न होता: एल-१ वर जाणार की एच-१बी वर? लॉटरीत तिचं नाव लागलंय, आणि याच कंपनीत तीन वर्षं झाली असल्यामुळे एल-१ सुद्धा जमतो. उत्तर सोमवारपर्यंत हवं. त्याखाली एका ओळीत मी होतो. 'डिपेंडंट : १'.

आता डिपेंडंट म्हटलं की मला युनिक्सच आठवतं. टर्मिनल बंद झालं की त्याच्यावर टांगलेली प्रोसेस बहुतेक वेळा सोबत जाते. अमेरिकेचा कायदाही तसाच चालतो. हिची नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत, आणि मलाही तेवढीच. आईनं जेवताना विचारलं, "अरे, पण तू तिथे जाऊन करणार काय?" उत्तर शोधायला बसलो आणि सबंध शनिवार इतिहासात गेला.

सुरुवात आपल्या घरातूनच करू. ७ एप्रिल १८८३ ला आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या, नवऱ्याशिवाय. पोस्टात नोकरी करणारे गोपाळराव मागे राहिले आणि नंतर अमेरिकेला गेले. ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियात आनंदीबाईंना एम.डी. मिळाली तेव्हा ते तिथे हजर होते. म्हणजे बायको पुढे, नवरा मागून. गोपाळराव कुठल्या व्हिसावर गेले? कुठल्याच नाही! तेव्हा आपल्यासारख्यांना अमेरिकेत उतरायला व्हिसा लागतच नव्हता. चिनी मजुरांवर १८८२ मध्ये बंदी आली होती, पण हिंदी माणसं इतकी थोडी होती की त्यांच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. गोपाळराव तिथे भाषणं देत हिंडले, अमेरिकन लोकांवर टीकाही केली. 'तुम्ही डिपेंडंट आहात, गप्प बसा' असं त्यांना कुणी म्हणालं नाही.

लक्ष गेलं ते पुढे, पंजाबी शेतकरी आणि मजूर पश्चिम किनाऱ्यावर यायला लागल्यावर. १९१७ च्या कायद्यानं आशियाचा मोठा पट्टाच 'बंदी' म्हणून आखला, त्यात हिंदुस्थान आला. गंमत सवलतींच्या यादीत आहे. विद्यार्थी, डॉक्टर, व्यापारी, आणि चक्क सिव्हिल इंजिनिअर यांना सूट होती, आणि त्यांच्या कायदेशीर बायकांना व १६ वर्षांखालच्या मुलांनाही. मजुराला सूट नाही, म्हणून त्याच्या बायकोलाही नाही. कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल व्हॅलीत कित्येक पंजाबी शेतकऱ्यांनी शेवटी मेक्सिकन बायकांशी संसार थाटले, त्याचं एक कारण हेच. गावाकडच्या बायकोला आणायची वाट बंद होती.

इथे मला पहिल्यांदा धागा सापडला. जोडीदाराला स्वतःचा असा हक्क कधी मिळालाच नाही. तुमचा माणूस त्यांना किती हवा आहे, त्यावर तुमची किंमत ठरणार.

पुढची वर्षं भराभर सांगतो. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हिंदी लोकांना नागरिकत्व नाकारलं. १९४६ मध्ये नागरिकत्वाचं दार उघडलं, पण कोटा किती, तर वर्षाला १००. १९५२ च्या कायद्यात तात्पुरत्या कामगारांसाठी 'एच' वर्ग आला. १९६५ मध्ये देशावर आधारलेले जुने कोटे गेले आणि आपले डॉक्टर-इंजिनिअर कायमचे राहायला जाऊ लागले.

तात्पुरत्या कामगाराच्या बायकामुलांना 'एच' मध्येच जागा मिळाली ती ७ एप्रिल १९७० च्या कायद्यानं. (आनंदीबाईंची बोट सुटली तीच तारीख, निव्वळ योगायोग.) त्याच कायद्यानं कंपनीअंतर्गत बदलीसाठी एल व्हिसाही आणला. कायद्याची भाषा बघण्यासारखी आहे. कामगारासोबत येणारे किंवा त्याच्या मागून येणारे नवरा-बायको व मुलं, अशी ती रचना. त्यात कामगारासाठी जे सर्वनाम आहे ते पुल्लिंगी, आणि ते आजही तसंच आहे. माझी बायको कायद्याच्या मजकुरात 'तो' आहे, आणि मी 'त्याच्या' मागून येणारा!

मागून या, राहा, शिका. काम मात्र करायचं नाही. कामगार तात्पुरता आहे, तेव्हा घरच्यांनी थोडे दिवस कळ काढावी, असा त्यामागचा हिशेब दिसतो. १९९० मध्ये एच-१बी आला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा आणि कमाल सहा वर्षं. पण ग्रीन कार्डाला दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारतीयांची रांग वाढतच गेली. २००० मध्ये काँग्रेसनं यावर तोड काढली: ग्रीन कार्डाचं काम अडलेलं असेल तर एच-१बी सहा वर्षांपुढेही वाढवून मिळेल. कामगाराची सोय झाली. एच-४ वरच्या जोडीदाराची 'थोडे दिवस' कळ मात्र दहा-दहा वर्षांची झाली. इंजिनिअर, डेंटिस्ट, सी.ए. झालेल्या मुली घरी बसल्या. आपल्या प्रत्येकाच्या नात्यात अशी एक ताई किंवा वहिनी आहे.

एल-२ चं नशीब वेगळं. जानेवारी २००२ मध्ये काँग्रेसनं कायदा करून एल-२ जोडीदारांना कामाची मुभा दिली. कारण सरळ होतं. दोघं कमावणाऱ्या घरातला माणूस, जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर बदली घ्यायला तयार होत नाही, आणि त्यात कंपन्यांची अडचण होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका खटल्यातल्या तडजोडीनंतर त्यांना वेगळ्या परवान्याची वाट बघायचीही गरज उरली नाही.

एच-४ ला मुभा मिळायला २६ मे २०१५ उजाडलं. तीही सगळ्यांना नाही. जोडीदाराचा ग्रीन कार्डाचा आय-१४० अर्ज मंजूर झालेला हवा, किंवा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. या मुभेचा लाभ घेणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका, आणि नव्वद टक्क्यांहून जास्त भारतीय. शिवाय हा सरकारी खात्यानं केलेला नियम, काँग्रेसचा कायदा नव्हे. त्यामुळे २०१७ मध्ये सरकारनं तो काढायचा बेत जाहीर केला, जो जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला. खटला तर २०१५ पासूनच चालू होता. ऑगस्ट २०२४ मध्ये अपील कोर्टानं नियम राखला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे तो कोर्टातून सुटला. या नियमावर घराचे हप्ते भरणाऱ्यांनी ही दहा वर्षं कशी काढली असतील?

असो. आता आमचा सोमवार. एल-१ घेतला तर मी उतरल्यापासून काम करू शकतो, पण ती याच कंपनीला बांधलेली. दुसरी नोकरी आवडली तरी एल-१ सोबत नेता येत नाही. एच-१बी घेतला तर तिला कंपनी बदलायची मोकळीक, पण तिचा आय-१४० मंजूर होईपर्यंत मी घरी. म्हणजे एकाची मोकळीक दुसऱ्याच्या खिशातून जाणार, आणि कोणाच्या ते आम्हीच ठरवायचं.

ती लगेच म्हणाली, "एल-१ घेऊ. तू घरी बसलेला मला बघवणार नाही." मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण रात्री हा सगळा इतिहास तिला वाचून दाखवताना लक्षात आलं, की तिनं एका वाक्यात जे सोडलं ते सोडायला मला आठवडाभर विचार करूनही जमलं नव्हतं. एच-४ वर गेलेल्या त्या सगळ्या जणींना हा प्रश्न कुणी विचारलाही नसेल.

आज दुपारी मी तिला म्हटलं, एच-१बी लिही. आय-१४० चा अर्ज कधी करणार, ते कंपनीकडून लेखी माग. तोवर मी पुण्यातली नोकरी चालू ठेवतो, मग मागून येतो. गोपाळरावही मागूनच गेले होते.

ती अजून 'हो' म्हणालेली नाही. सोमवार उद्याच आहे.