हाडोळा, बलुतं आणि सम्यक आजीविका

विहारात रविवारची वंदना झाली की मंडळी थोडी बसतात. तेव्हा एखादा बिअर बारच्या गल्ल्यावर काम करणारा पोरगा खालच्या आवाजात विचारतो, "सकाळी पंचशील घ्यायचं आणि रात्री दारू विकायची, हे कसं जमायचं?" त्याला कुणी हसू नये. असाच पेच आपल्या आज्या-पणज्यांपुढे उभा होता, आणि तो जास्त बिकट होता.

तथागतांनी अंगुत्तर निकायात उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले आहेत : शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. मेलेलं ढोर ओढणं या यादीत नाही. तरी १९२७ च्या मार्च महिन्यात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस सोडा असं निक्षून सांगितलं. ढोर ओढणंही सुटलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह कायम राहिला. का?

उत्तर वतनात आहे. येसकर, तराळ म्हणून गावाची हाक आली की धावायचं. सांगावा न्यायचा, सरकारी माणसाचं ओझं वाहायचं, ढोर ओढायचं. बदल्यात हाडोळ्याचा तुकडा आणि दारोदार मागून आणलेलं बलुतं. १८७४ च्या वतन कायद्याने या बांधिलकीला सरकारी शिक्का मिळाला. बाबासाहेबांचा आक्षेप असा की नोकर एक, पण राबतं सगळं घर; कामाला ना वेळ ना मर्यादा. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी मुंबई कायदे मंडळात हा कायदा बदलण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या वर्षी ते मागे घ्यावं लागलं.

इथे एक कडू गोष्ट सांगितलीच पाहिजे. विरोध फक्त गावच्या पुढाऱ्यांचा नव्हता. आपल्यातल्याही कित्येकांना धास्ती होती, काम सोडलं तर जमीन जाईल, मग खायचं काय? त्यांना भित्रे म्हणणं सोपं आहे. पण ढोर ओढायला नकार दिला म्हणून गावाने पाणी, दळण, मजुरी बंद केली असं कित्येक ठिकाणी घडलं, आणि तेव्हा उपाशी राहिली ती घरातली लेकरं.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी जुना वाद काढला. शिंगं, खूर, कातडं, हाडं यांतून वर्षाला पाचशे रुपये मिळतात, ते तुम्ही गरिबांचे बुडवता, असं त्यांना ऐकवलं गेलं होतं. एवढा फायदा असेल तर तुम्हीच का घेत नाही, असा त्यांचा उलट सवाल. पुढे कुणी आलं नाही. पैशापेक्षा माणसाची इज्जत त्यांनी वर धरली.

वतनं कायद्याने गेली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या पश्चात. आमच्या आजोबांनी ढोर ओढणं त्याच्या बरंच आधी टाकलं होतं. दोन वर्षं ते खडी फोडायला जात. आजी म्हणायची, तेव्हा भाकरी निम्मी झाली. पण बलुत्याची टोपली घेऊन दारोदार उभं राहणं सुटलं, आणि ती टोपली तिने चुलीत घातली.