तंजावरची मराठी साकी

मनुष्य देशांतर करतो तेव्हा घरदार मागे राहते. गाणे मात्र त्याच्याबरोबर जाते. अठराव्या शतकात आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातून अमेरिकेस गेलेल्या स्कॉच वंशाच्या कुटुंबांनी आपली कथागीते अपालाचियन डोंगरांत नेली. सेसिल शार्प या इंग्रज संग्राहकास १९१६ ते १९१८ या काळात अशी जुनी गीते तेथील लोकांच्या तोंडी जिवंत आढळली. मराठ्यांच्या इतिहासातील तसेच उदाहरण तंजावरचे होय.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर हस्तगत केले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, शास्त्री यांची कुटुंबे कावेरीकाठी स्थायिक झाली. रामदासी मठांतून कीर्तने होऊ लागली. पुढे मेरुस्वामी त्रावणकोरास स्वातितिरुनाळ महाराजांच्या दरबारी गेले व ही कला तेथवर पोचली.

१७९९ च्या तहाने तंजावरकरांची सत्ता गेली. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने उरलेले संस्थानही खालसा केले. राजाश्रय सरला की कलाही सरते, असा सामान्य अनुभव. परंतु येथे विपरीत घडले. १८६४ साली मोरगावकर रामचंद्रबुवा चातुर्मासासाठी तंजावरास आले. गादी नव्हती, तरी मराठी कीर्तन समजून ऐकणारी घरे होती. बुवांची कीर्तने तंजावरचे तरुण संगीतज्ञ कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी मन लावून ऐकली. निरूपणास त्यांनी तमिळ भाषा योजिली, त्यागराजांच्या कृती घेतल्या. मात्र साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते कायम ठेविली. त्यातून दक्षिणेतील हरिकथेस नवे रूप आले.

ज्यांच्या घरी मराठीचा शब्दही बोलला जात नसे, असे भागवतरही पुढे साकी व दिंडी मुखोद्गत करू लागले. उलट, तंजावरी मराठी घरांतील बोली तमिळच्या सहवासाने पालटली आणि कित्येकांची देवनागरीशी ओळखही राहिली नाही. भाषेचा धागा विरळ झाला. चालीचा तुटला नाही.

पाथर्डीकडील गावांत सप्ताह बसला म्हणजे थोरांच्या मांडीशी बसून मुले कीर्तन ऐकतात. त्यांना अर्थ पुढे कळतो. चाल आधी कानात बसते. तंजावरास १८० वर्षांचे राज्य बुडाले, तरी गाणे उरले, ते अशाच ऐकणाऱ्या घरांमुळे.